घोडीवरचा लॅपटॉप

वेबसाइट बनवणाऱ्या मंडळींत एक भांडण कायम धुमसत असतं. कोड लिहायला कोणता एडिटर चांगला आणि लॅपटॉपवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असावी, यावरून ही शिकलीसवरलेली माणसं इंटरनेटवर एकमेकांची अशी उणीदुणी काढतात की बांधावरची भांडणं परवडली. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा आणि भिंतीत वीज असली की माणसाला असल्या भांडणांना सवड मिळते. पालीच्या शिवकन्येला ती सवड नव्हती. तिचा लॅपटॉप निम्म्याहून जास्त वर्ष घोडीच्या पाठीवर, वाकळेच्या घडीत बसून प्रवास करायचा. त्याच्यावर काय चालेल, हा तिच्यापुढचा प्रश्न हौसेचा नव्हता.

शिवकन्या मेंढपाळाच्याच घरातली. पण तिच्या वडिलांनी, अंगदरावांनी, मेंढरं मोडून थोडी जमीन केली आणि लेकीला बीडला कॉलेजात घातलं. तिथं ती कॉम्प्युटर शिकली आणि तिथंच तिला धनश्री नावाची जिवाभावाची मैत्रीण मिळाली. पुढं लग्न ठरलं ते बिंदुसरा धरणाजवळच्या पालीत, लखनशी. लखनचं घर अजून मेंढरांवरच. पावसाळा पालीत काढायचा, दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादून वडवणी, तेलगाव करत पार धर्मापुरीपर्यंत जायचं आणि उन्हाळा सरता सरता परत यायचं. शिकलेली पोरगी मेंढरांमागं धाडली म्हणून पाहुण्यांनी अंगदरावांना नावं ठेवली. पण शिवकन्येला लखन पाहताक्षणी आवडला होता आणि ते तिनं वडिलांना तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे पाहुण्यांचं काही चाललं नाही.

पावसाळ्यात पालीत असताना ती लहानसहान वेबसाइटची कामं करायची. यंदा धनश्रीच्या ओळखीनं पुण्याच्या सत्यशीलाताईंकडून बारमाही कामाचं बोलणं आलं. ताईंची छोटीशी कंपनी. त्यांनी सांगितलं, आधी एका रोपवाटिकेची वेबसाइट करून दाखव, ठरल्या सोमवारी व्हिडिओ कॉलवर बघू, जमली तर काम कायमचं आणि तेही घरबसल्या. घरबसल्या म्हटल्यावर शिवकन्येला हसू आलं. तिचं घर बसत नव्हतं, चालत होतं.

तिनं हे सासऱ्यांच्या, बंकटमामांच्या, कानावर घातलं. मामा कमी बोलणारे. पटका सारखा करत त्यांनी जे सांगितलं ते मायेनंच सांगितलं.

"आन त्ये मशीन संगं ह्या खेपेला. जमलं तर चांगलंच हाय. न्हाई जमलं तर पुढल्या दिवाळीला बीडला खोली करून ऱ्हा. शिकलीयास, त्ये वाया नको घालू. पर लखन काय येनार न्हाई, त्यो मेंढरासंगच."

म्हणजे काम हवं तर नवरा नाही, नवरा हवा तर काम नाही. मामांच्या मनात तसं काही वाईट नव्हतं, पण निवाडा तोच होता. एवढं एक वर्ष, एवढी एक वेबसाइट, आणि त्यावर सगळं ठरणार.

लॅपटॉप धनश्रीचा जुना. तिनं नवा घेतला तेव्हा हा शिवकन्येला देऊन टाकला. त्याच्यावर विंडोज होती आणि सगळं जग वापरतं तो व्हीएस कोड नावाचा एडिटर. त्यात धनश्रीनं हौसेनं जादा सोयींच्या इतक्या जोडण्या भरून ठेवल्या होत्या की तो उघडेपर्यंत चहाला आधण यायचं. धनश्री शहाणी. देताना तिनं एक पेनड्राइव्हही दिला. "यात लिनक्सची एक हलकी जात आहे. हा लॅपटॉप म्हातारा झालाय, कुरकुरायला लागला तर ही टाक. पण जुनी सिस्टिम लगेच काढू नकोस हं. दोन्ही शेजारी शेजारी राहू दे, महिनाभर बघ, मग ठरव." शिवकन्येनं मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात अंतर असतं, हे धनश्रीला अजून ठाऊक नव्हतं.

वडवणीपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथं फोनला रेंज होती, म्हणून जेवढं काम झालं तेवढं शिवकन्येनं इंटरनेटवरच्या साठ्यात चढवून ठेवलं. मग बिऱ्हाड तेलगावला आलं आणि मेंढरं भारतरावांच्या रानात बसली. मेंढरं बसवणं म्हणजे कापूस वेचून झालेल्या शेतात रात्री मेंढरं मुक्कामाला ठेवायची. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला त्याबदल्यात ज्वारी. भारतराव मोठे शेतकरी, ज्वारी द्यायला हात सैल. रान मात्र कालव्याच्या खाली, खोलगट. रेंज नावाला नाही. फोन करायचा तर कालव्याच्या भरावावर चढून उभं राहावं लागे.

कामाला मात्र रेंज लागत नव्हती. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत वीज यायची तेवढ्या वेळात लॅपटॉप चार्ज करायचा आणि मग कोकरांना राखत कोड लिहायचा, असा तिचा नेम बसला. मोठी मेंढरं घेऊन मामा आणि लखन लांब जात. लहान कोकरं तळावरच राहत आणि त्यांच्यापाशी कुणीतरी सतत हवंच. सासूचे, छबुबाईंचे, गुडघे धरलेले. त्यामुळे कोकरांमागं पळणं शिवकन्येच्याच वाट्याला.

एके दिवशी वीज आली, तिनं लॅपटॉप लावला आणि त्यानं वडवणीत उतरवून घेतलेलं अपडेट बसवायला काढलं. पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र. आतला पंखा मळणीयंत्रासारखा गुरगुरायला लागला. छबुबाई काठी टेकत येऊन शेजारी बसल्या.

"काय करतंय गं ह्ये?"

"नवं सामान बसवून घेतंय, आत्या."

"तुला इचारून?"

"न्हाई."

"मंग मालक कोन हाय, तू का त्ये?"

चक्र थांबलं तोवर वीज गेली, आणि पंख्यानं बॅटरीही निम्मी खाल्ली. दिवसभरात एक अक्षर लिहून झालं नाही. खरं सांगायचं तर दोष विंडोजचा नव्हता. भिंतीत कायम वीज असलेल्या घरात ती गुण्यागोविंदानं नांदते. म्हाताऱ्या लॅपटॉपला आणि कालव्याखालच्या रानाला ती पेलत नव्हती, इतकंच.

तिनं पेनड्राइव्ह काढला. लिनक्सची एक सोय अशी की लॅपटॉपला हात न लावता नुसती पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. तिनं चालवून बघितली आणि ती थक्कच झाली. पंखा गप्प. खिडक्या उघडतायत पटापट. त्यात एडिटरही आलेले होते. आधी तिनं विम उघडून बघितला. विमची तारीफ तिनं कॉलेजपासून ऐकली होती, पण आत शिरल्यावर तिला बाहेर पडायची वाटच सापडेना, शेवटी बटण दाबून लॅपटॉपच बंद करावा लागला. दुसऱ्या वेळी तिनं जिनी नावाचा छोटा एडिटर उघडला. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला. कोडला रंग देतो, उघडलेला कंस आपण होऊन बंद करतो, आणि बाकी गप्प बसतो. व्हीएस कोड पुढचा शब्द सुचवायचा, चूक झाली की खाली लाल रेघ ओढायचा, ते लाड इथं नव्हते. शिवकन्येनं मनाशी हिशेब केला: लाल रेघ नसली तर चूक मी शोधीन, पण बॅटरी नसली तर मी काय करणार? जगात सगळ्यात चांगलं काय, हा प्रश्न तिनं तिथंच सोडून दिला. आपल्या वाटेवर काय चालतं एवढंच तिनं धरलं.

इथवर पोरीनं सगळं बरोबर केलं. मग तिनं घोटाळा केला, आणि तोही असा की मेंढपाळाच्या घरातलीच करील.

लिनक्स कायमची बसवताना लॅपटॉप विचारतो, जुनी सिस्टिम शेजारी ठेवायची की सगळं पुसायचं? आता बंकटमामांच्या घरात मेंढी अर्धवट कातरायची नाही, हा दंडक. कातरायला घेतली की अंगावर लोकरीची बट ठेवायची नाही. अर्धी कातरलेली मेंढी कळपात सोडली तर घरावर विघ्न येतं म्हणतात. शिवकन्या शिकलेली खरी, पण असल्या गोष्टी डोक्यात नसतात, हातात असतात. धनश्रीचं बजावणं तिला आठवलं सुद्धा. पण अर्धं ठेवायचं, अर्धं काढायचं, हे तिच्या हाताला पटेना. तिनं सगळं पुसायचं बटण दाबलं. आणि दाबल्यावर तिला आठवलं की तेलगावात आल्यापासून केलेलं काम दुसरीकडं ठेवायचं राहून गेलं.

गेलं ते गेलं. निदान वडवणीचं काम इंटरनेटवरून परत उतरवू म्हणून दुसऱ्या सकाळी ती फोन आणि लॅपटॉप घेऊन भरावावर गेली, तर नवं संकट. नव्या सिस्टिमला लॅपटॉपचा वायफायचा भागच ओळखू येईना. तो ओळखायला एक छोटा प्रोग्राम लागतो आणि तो प्रोग्राम इंटरनेटवर. इंटरनेट हवं तर तो प्रोग्राम पाहिजे. पेनड्राइव्हवर चालवून बघताना हे कळलं असतं, पण खोलगट रानात मुळात रेंजच नव्हती, म्हणून इंटरनेट तपासून बघायचं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिनं रडवेल्या आवाजात धनश्रीला फोन लावला.

"सगळं पुसलंस?" धनश्री ओरडली. मग तिचा आवाज लगेच खाली आला. "बरं, रडू नकोस. फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोड आणि फोनमधून इंटरनेट दे. केबलला तो प्रोग्राम लागत नाही. फक्त रेंज दांडगी असेल अशा जागी बस."

भरावावर बोलण्यापुरती रेंज होती, काम उतरवण्यापुरती नव्हती. टॉवर होता वरच्या माळावर, उत्तरेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या रानाशेजारी. कोकरं सासूवर सोपवून शिवकन्या लॅपटॉप काखोटीला मारून माळ चढली. बाभळीखाली बसून केबल जोडली. आणि काय सांगावं, तो प्रोग्राम उतरला, वायफाय जागं झालं, वडवणीचं काम उतरलं, सगळं जागच्या जागी दिसायला लागलं. तिनं देवाचं नाव घेतलं, धनश्रीचं घेतलं, त्या केबलचंही घेतलं. मग पुढचं लिहायला बसली आणि बॅटरी संपली.

खाली आली तर तळावर वेगळंच. एक कोकरू कालव्याकडं पळालं होतं आणि त्याला अडवायला गेलेल्या छबुबाई ढेकळात पडल्या होत्या. गुडघा सुजून टम्म. कोकरू मात्र त्यांच्या मांडीवर सुखरूप. चुलीतली राख कोमट करून, फडक्यात बांधून गुडघ्याला शेक देता देता ती म्हणाली, "आत्या, ऱ्हाऊ द्या ह्ये काम. सोमवारपस्तोर हुनार न्हाई माज्याच्यानं. रोज माळावर जाऊन बसले तर कोकरं कोन बगनार? सांगते ताईंना. पुढल्या दिवाळीला बगू बीडच्या खोलीचं."

छबुबाईंनी एवढंच विचारलं, टॉवर कुनाच्या रानाजवळ हाय म्हनलीस? त्यांनी असं मधलंच काही विचारलं की समजावं, काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली, तरी मेंढरं चरायला गेली नव्हती. लखन आला आणि घोडीवर वाकळा लादायला लागला.

"आवो, कावून? अजून तर आठवडा हाय ना हितं?"

"हाय न्हाई, हुता," लखन म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "माय सकाळीच भारतरावाकडं गेलती."

मग त्यानं सगळं सांगितलं. पहाटे छबुबाईंनी बंकटमामांपुढं गोष्ट काढली: मेंढरं माळावर, उत्तरेश्वरच्या रानात न्यायची. मामा उखडले. भारतरावांना शब्द दिलाय, निम्मं रान बसवून झालंय, निम्मं सोडून उठायचं कसं? या धंद्यात शब्द मोडला की पुढच्या वर्षी कुणी उभं करत नाही. छबुबाई म्हणाल्या, "सबूद तुमचा हाय, तुमी न्हाई मोडायचा. मी जाते." आणि सुजलेला गुडघा घेऊन, काठी टेकत, लखनच्या खांद्यावर हात ठेवून त्या भारतरावांच्या दारात गेल्या. ऊठसूट दुसऱ्याच्या दारी जाणाऱ्यातली ती बाई नव्हे.

भारतरावांनी विचारलं, कावून उठता, ज्वारी कमी पडली का? त्यावर छबुबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"ज्वारी लई हाय, दादा. रेंज न्हाई. सुनेचं काम हाय सोमवारी. त्ये गेलं तर पोरीला बीडला ऱ्हावं लागंल अन् माजा लखन हितं येकटा. पुढल्या साली पयलं रान तुमचंच बसवते. पर आता सोडा आमाला."

भारतराव नाराज झाले, त्यांनी ते लपवलंही नाही. मग म्हणाले, "रेंजसाठी मेंढरं उठविल्याली पयल्यांदाच बगितली. जावा. पर पुढल्या साली ध्यानात ठिवा." आणि वर चहा पाजून धाडलं.

हे ऐकून शिवकन्या जागीच उभी राहिली. उत्तरेश्वरचं रान तिनं पाहिलं होतं. खडकाळ, कापसाच्या पऱ्हाटीला पाला नावाला, पाणी लांबून आणायचं. त्याच्याकडं ज्वारी नाही, मिळाली तर जुनी बाजरी. मेंढरं अर्धपोटी राहणार, माणसंही. आणि हे सगळं कशासाठी, तर तिच्या फोनवरच्या रेंजच्या दोन कांड्यांसाठी. आपल्यासाठी कुणी अख्खा कळप वळवील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिला सासूजवळ जाऊन बोलायचं होतं, पण छबुबाई घोडीजवळ उभ्या राहून लॅपटॉपची घडी नीट बसली की नाही ते चाचपत होत्या. "हुभी कावून? कोकरं घे की," एवढंच म्हणाल्या.

माळावर उत्तरेश्वरच्या ओसरीच्या भिंतीत प्लग होता आणि त्यानं तो खुशाल वापरू दिला. रेंज भरभरून. शिवकन्या कोकरांपाशीच बसायची, मांडीवर लॅपटॉप, त्यावर जिनी. बॅटरी आता दुप्पट टिकत होती. गेलेलं काम तिनं पुन्हा लिहिलं आणि ते पहिल्यापेक्षा सुटसुटीत झालं, जसं दुसऱ्यांदा थापलेलं शेण पहिल्यापेक्षा नीट बसतं. इतके दिवस तिला स्वतःला रेंज तुटपुंजी मिळाली होती, म्हणून रोपांचे फोटो तिनं घासून घासून हलके केले. ज्याच्याकडं साधा फोन आहे त्या शेतकऱ्यालाही पान चटकन उघडलं पाहिजे, असं तिला वाटे. भाकरी बाजरीच्या, त्याही कोरड्या. कुणी हूं की चूं केलं नाही. लखन तर म्हणायचा, बाजरीनं अंगात ऊब ऱ्हाती. त्याला बाजरी आवडत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

सोमवारी सत्यशीलाताई पडद्यावर आल्या. शिवकन्येच्या मागं कोकरांचा कालवा चाललेला. ताईंनी विचारलं, "कुठे बसली आहेस तू?"

"रानात, ताई. तेलगावच्या माळावर. आमची मेंढरं हायेत, म्हणजे आहेत."

ताईंची नजर खाली गेली. शिवकन्येला वाटलं, संपलं. पण त्या फोनवर तिची वेबसाइट उघडून बघत होत्या. या पानावरून त्या पानावर गेल्या, परत आल्या. दोन ठिकाणी चुका काढल्या. व्हीएस कोडनं त्या लाल रेघेनं दाखवल्या असत्या, हे शिवकन्येला कळलं, तिनं कबूलही केलं. मग ताई म्हणाल्या, "मी मुद्दाम साध्या फोनवर बघतेय. फार पटकन उघडते. आमच्याकडच्या मुलांची अशी उघडत नाही. कोणती सिस्टिम, कोणता एडिटर वापरतेस?"

शिवकन्येनं चाचरत सांगितलं. आता ताई हसतील असं तिला वाटलं.

"मी हा एडिटर कधी वापरला नाही," ताई म्हणाल्या. "पण काम वेळेवर आणि चांगलं आलं, मग तू कशावर लिहितेस ते तुझं तू बघ. त्या दोन चुका दुरुस्त कर. पुढच्या महिन्यापासून काम तुझं. मेंढरं कुठेही असू देत."

फोन ठेवल्यावर शिवकन्येनं पळत जाऊन छबुबाईंच्या पायांना मिठी मारली.

"सोड, गुडगा दुकतोय," छबुबाई म्हणाल्या. पण त्यांचा हात सुनेच्या डोक्यावरून फिरत राहिला.

"आत्या, माज्या मायनंबी केलं नसतं एवढं."

"मायनं केलं असतं. तिच्याकडं मेंढरं नव्हती, इतकंच."

शिवकन्या रडली आणि पोटभर रडली. धनश्रीला फोन करून रडली, वडिलांना फोन करून रडली. अंगदराव पलीकडून नाक ओढायला लागले, तेव्हा तिला कळलं की तेही रडतायत. लखन मेंढरं सोडून मधूनच आला, काय झालं ते कळल्यावर लाजला आणि उगीचच घोडीला वैरण टाकायला गेला.

बंकटमामा मात्र तिकडं फिरकले नाहीत. भारतरावांचं रान अर्धं सोडावं लागल्याची सल त्यांच्या मनात होती आणि ती असणारच. ते नुसतेच माळावर उकिडवे बसून राहिले. शिवकन्येला वाटलं, मामांना काही ही गोष्ट पटलेली नाही.

दोन दिवसांनी ती भाकरी थापत होती. पलीकडं मामा फोनवर धर्मापुरीच्या एका शेतकऱ्याशी बोलत होते. पुढचा मुक्काम ठरत होता. मामा फोनवर बोलतात ते पार धर्मापुरीला तसंच ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, त्यामुळे चोरून ऐकायची गरजच नव्हती.

"पऱ्हाटीचं बगू नंतर," मामा म्हणत होते. "ज्वारीचंबी बगू. पयलं ह्ये सांगा, रानात रेंज हाय का? न्हाई न्हाई, बोलन्यापुरती न्हाई. चांगली रेंज. आमच्या सुनेला काम असतं. पुढल्या सालीबी असनार हाय."

शिवकन्येच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली. पुढल्या सालीबी. म्हणजे बीडची खोली मामांनी कधीच मोडीत काढली होती आणि तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं. पदरानं डोळे पुसत ती उठली आणि सासऱ्यांशी कधी मोठ्यानं न बोललेली ती सून तिथूनच ओरडली, "मामा, पान्याचंबी इचारा की! मेंढरं काय रेंज पिनार हायेत का?"